संगणक जोडताना पैसा कुठे घालावा?

मुलगा वा मुलगी गेमसाठी संगणक जोडायचा हट्ट धरत असेल, तर काळाचौकीहून लॅमिंग्टन रोड गाठण्यापूर्वी घरीच बसून यादी करा. गेममधील चित्र सरसर हलते ते मुख्यतः ग्राफिक्स कार्डाच्या बळावर. मोठा वाटा त्याला द्या. प्रोसेसर मदरबोर्डाच्या सॉकेटशी जुळलाच पाहिजे. एएम४ बोर्डावर डीडीआर४ रॅम बसते, एएम५ वर डीडीआर५. अदलाबदल चालत नाही. कॅबिनेटचे रंगीत दिवे नसले तरी चालेल, पण वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसमध्ये काटकसर नको. तो हलका निघाला तर बाकीचे महागडे भागही जळू शकतात. प्रत्येक भागाचे पक्के बिल घ्या. वॉरंटी मागताना तेच कामी येते. बोनसचा पैसा घामाचा आहे, पारखूनच खर्च करा.