निर्दोष ग्रंथींवर सुरी कशासाठी?

अवटु ग्रंथीचा, म्हणजे थायरॉइडचा कर्करोग झाला की ती ग्रंथी, पूर्ण वा अर्धी, बहुधा काढावी लागते. वाद आहे तो भोवतालच्या लसीका ग्रंथींविषयी. तपासणीत ज्या निर्दोष दिसतात, त्याही पुढचा धोका टळावा म्हणून त्याच वेळी काढून टाकाव्यात काय? जपानी शल्यचिकित्सकांचा कल दीर्घकाळ होकाराकडे राहिला. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनने मात्र लहान व ग्रंथीबाहेर न पसरलेल्या गाठींच्या बाबतीत त्याची गरज नाही, असे मत २०१५ साली दिले.

होकार देणाऱ्यांचा युक्तिवाद पोकळ नव्हे. पॅपिलरी प्रकारच्या कर्करोगात या ग्रंथींत रोगाच्या सूक्ष्म पेशी पुष्कळदा आढळतात, सोनोग्राफीत त्या दिसत नाहीत, आणि त्याच जागी दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करणे अधिक अवघड असते. परंतु सूक्ष्मदर्शकाखाली पेशी सापडणे आणि रुग्णाला पुढे रोगाने गाठणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. इटलीतील पिसा येथे १८१ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. लसीका ग्रंथी काढलेल्या व न काढलेल्या रुग्णांच्या पाच वर्षांनंतरच्या स्थितीत फरक आढळला नाही. न काढलेल्यांना किरणोत्सारी आयोडीन अधिक वेळा द्यावे लागले, हे खरे. पण काढलेल्यांत परावटु ग्रंथी कायमच्या निकामी होण्याचे प्रमाण जास्त निघाले.

या परावटु ग्रंथी तांदळाच्या दाण्याएवढ्या, बहुधा चार. रक्तातील कॅल्शियम त्या सांभाळतात. त्या गेल्या की बोटांना मुंग्या येतात, स्नायू आखडतात आणि गोळ्या जन्माच्या सोबती होतात. शेजारूनच स्वरयंत्राची नस जाते. तिला इजा झाली तर आवाज घोगरा होतो. हा रोग स्त्रियांना अधिक होतो. साठ मुलांच्या वर्गात दिवसाकाठी पाच तास बोलणाऱ्या शिक्षिकेला ‘किरकोळ उपद्रव’ हा शब्दप्रयोग कसा पटावा?

अनुभवी हातांत हे धोके घटतात. सगळेच हात अनुभवी नसतात. गाठ बाहेर पसरली असेल किंवा मानेच्या बाजूच्या ग्रंथींत रोग उघड दिसत असेल तर हिशेब बदलतो, आणि तेथे शल्यचिकित्सकाने हात आखडता घेऊ नये. छोट्या गाठीच्या रुग्णाला मात्र निर्दोष दिसणाऱ्या ग्रंथीही काढणार काय, त्या कशासाठी, आणि याच हातांनी झालेल्या शस्त्रक्रियांत आजवर किती जणांचा आवाज बिघडला, हे त्याला समजेल अशा भाषेत सांगितले पाहिजे. आणि तेही आदल्या रात्री संमतिपत्र पुढे सारताना नव्हे, शस्त्रक्रियेची तारीख ठरण्याआधी.