ओढतो किती ते नंतर. थांबवतो किती ते आधी सांगा



दिवाळी झाली, गव्हाणीत मोळ्या पडल्या, आणि ऊसपट्ट्यातल्या रस्त्यांवर पुन्हा ट्रॉल्यांची रांग सुरू झाली. अशा दिवसांत कृष्णाकाठच्या एका वाचकबंधूंचे पत्र आले आहे. पत्र मोठे आहे, पण मतलबाचे तेवढे देतो.

ते लिहितात : ‘आमच्याकडे पन्नास हॉर्सपॉवरचा जुना ट्रॅक्टर आहे. गेल्या वर्षीच इंजिन बांधून घेतले. एक ट्रॉली सहज ओढतो. यंदा वाहतुकीचा करार केला आहे आणि टोळीला उचल देऊन बसलो आहे. एका ट्रॉलीवर हप्ता निघत नाही. दुसरी जुनी ट्रॉली स्वस्तात मिळते आहे. मालकीण नको म्हणते. तुम्हाला काय वाटते?’

बंधूराज, मालकीणबाई नको का म्हणतात, ते तुम्ही लिहिले नाही. बहुतेक विचारलेच नसेल. पण त्यांच्या मनात काय असेल ते मला ठाऊक आहे, कारण तोच प्रश्न आमच्या घरात एकदा उभा राहिला होता आणि आम्हीही बाईमाणसाचे ऐकले नव्हते.

पंचवीस-एक वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचाही ट्रॅक्टर जुना, इंजिन मात्र ठणठणीत. दोन ट्रॉल्या जोडल्या आणि पहिल्या पंधरा दिवसांत पैसे बरे दिसले. छाती फुगली. आमच्या गावाबाहेर ओढ्याकडे उतरणारा एक लहानसा उतार आहे. घाट नव्हे, सायकलवाला पायडल न मारता उतरेल एवढाच. एका पहाटे मीच चालवत होतो. चुलतभाऊ मडगार्डवर बसला होता. खाली ओढ्यावरच्या मोरीवर एक म्हैस आडवी आली. मी ब्रेक दाबला. ट्रॅक्टरची चाके जागीच थांबली, पण मागचा ऊस कुठला थांबतो! दोन्ही ट्रॉल्यांनी ट्रॅक्टरला पुढे रेटला, मग बाजूला फिरवला, आणि ट्रॅक्टर रस्त्यावर आडवा होऊन मोरीच्या कठड्याला भिडला. म्हैस वाचली. मी वाचलो. भावाचा पाय मडगार्ड आणि कठडा यांच्यामध्ये सापडला. आज तो चालतो, पण पावसाळा लागला की गुडघा धरून बसतो. मी त्याच्याकडे बघतो आणि गप्प राहतो.

त्या दिवशी इंजिनाने दगा दिला नव्हता. ब्रेकही नादुरुस्त नव्हते. चूक हिशेबाची होती, आणि हिशेब माझा होता. तोच हिशेब आज तुमच्यापुढे मांडतो. चौथी शिकलेल्या पोरालाही करता येईल.

पन्नास हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर वजनाने साधारण दोन टनांचा. एका ट्रॉलीत आठ टन ऊस धरा, आणि ट्रॉलीचे स्वतःचे वजन दीड-दोन टन. म्हणजे दोन ट्रॉल्या मिळून मागे वीस टन झाले. दोन टनांचा गडी वीस टनांना दोरी लावून निघाला. सपाटीला तो ओढतो, कारण चाकावरचा माल ओढायला फार जोर लागत नाही. इथेच आपण फसतो.

आता उतार घ्या. वीस फूट पुढे गेल्यावर एक फूट खाली जाणारा उतार डोळ्यांना उतार वाटतही नाही. पण वजनाचा विसावा हिस्सा तिथे पुढे रेटतो. वीस टनांचा विसावा हिस्सा म्हणजे एक टन. दहा फुटांना एक फूट असा उतार असेल, तर दोन टनांचा रेटा, म्हणजे अख्ख्या ट्रॅक्टरच्या वजनाएवढा!

हा रेटा अडवायचा कुणी? ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात. ट्रॅक्टरच्या दोन टनांपैकी त्या चाकांवर भार येतो सव्वा-दीड टन. कोरड्या डांबरी रस्त्यावरदेखील एवढ्या भाराची पकड एक टनाच्या आतबाहेरच. रस्त्यावर माती, पाचट किंवा दव असेल तर ती निम्म्यावर येते. चाकांच्या घर्षणाची थोडी मदत होते, एवढेच. बहुतेक जुन्या ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. तेव्हा ब्रेक कितीही नवे असोत, रबर आणि रस्ता यांच्यामधली पकडच संपली की चाक घसरते आणि मागचा माल मालक होतो.

सपाट रस्त्यावरचा अंदाजही सांगतो. ताशी वीस किलोमीटर वेगाने मोकळा ट्रॅक्टर तीस-पस्तीस फुटांत थांबेल. तोच, मागे वीस टन असताना, शंभर फूट सहज घेईल. आणि वेग दुप्पट केला की ब्रेक दाबल्यानंतरचे अंतर दुप्पट नाही, चौपट होते. शाळेतून घरी येणारे पोर शंभर फूट आधी दिसते का, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी विचारावे.

हे शास्त्र आपल्या वाडवडिलांना नवे नव्हते. बैलगाडी भरताना ते काय बघत? गाडी धुरजड झाली तर बैलांच्या मानेवर ओझे, उलाळ झाली तर जू वर उचलते. दोन चाकी ट्रॉलीचे अगदी तसेच आहे. ऊस मागे जास्त भरला तर ट्रॉली हुकाला वर उचलते, ट्रॅक्टरची मागची चाके हलकी होतात आणि पकड जाते. पुढे फार भरला तर हुकावर ओझे येऊन ट्रॅक्टरचे तोंड उचलते, स्टेअरिंग हलके लागते. भार किंचित पुढे, एवढे बेताचे ठेवावे. उताराला गाडीवान खाली उतरून बैलांच्या पुढे चालायचा. तो काही भित्रा नव्हता.

आता चार कामाच्या गोष्टी, एकेक करून.

पहिली, ब्रेकची खिट्टी. ट्रॅक्टरला डावे-उजवे अशी ब्रेकची दोन पायडले असतात. शेतात वळताना ती सुटी लागतात. रस्त्यावर मात्र दोन्ही पायडले खिट्टीने जोडलेलीच हवीत. सुटी राहिली आणि घाईत एकच दाबले गेले, तर एकच चाक अडते आणि ट्रॅक्टर गर्रकन फिरतो. नांगरट करून आलेला ट्रॅक्टर तसाच ट्रॉलीला जोडतात, तेव्हा हे हमखास विसरते. दोन्ही बाजू सारख्या धरतात का, ते मोकळ्या जागेवर हळू चालवून बघावे. ट्रॅक्टर एका अंगाला ओढत असेल, तर ते काम आधी करून घ्यावे.

दुसरी, उताराचा गिअर. जो चढ ज्या गिअरमध्ये चढाल, तो उतार त्याच गिअरमध्ये उतरा. गिअर उतार लागण्याआधी टाकायचा, मध्यावर नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून किंवा क्लच दाबून गाडी सोडणारे बहाद्दर मी पाहिले आहेत. अशाने इंजिनाचा लगाम सुटतो आणि एकदा वेग धरला की गिअर पुन्हा पडत नाही. वाचते किती, तर चहाच्या कपाएवढे डिझेल!

तिसरी, हूक आणि पिन. ट्रॉली ओढायची ती खालच्या हुकालाच. नदीकाठच्या ओल्या रानातून भरली ट्रॉली वर काढताना चाके रुतली, की काही जण साखळी उंचावर, वरच्या लिंकला किंवा ॲक्सलला बांधतात. हे कधीही करू नये. ओढ उंचावरून बसली की पुढची चाके उचलतात आणि ट्रॅक्टर मागे उलटतो. क्लच दाबायला वेळ मिळत नाही. बोनेटवर दोन माणसे बसवली म्हणजे भागले, असेही नाही. तो ट्रॅक्टर उलटला तर ती दोन माणसे कुठे जातील? ट्रॉली निम्मी रिकामी करावी, नाहीतर दुसऱ्या ट्रॅक्टरने टोचन करून दोघांनी मिळून काढावी. पिन झिजून कंबरेत बारीक झाली असेल, तर फेकून द्यावी. पिनेला खालून क्लिप हवी, तार नव्हे. आणि दोन्ही ट्रॉल्यांना जोडाच्या ठिकाणी एक जाड साखळी सुटकेसाठी अडकवलेली असावी. पिन निसटलीच, तर साखळी धरते.

चौथी, इंजिनाचे बोलणे ऐकणे. चढाला काळा धूर निघू लागला, तर ते ओझे झेपत नसल्याचे किंवा हवा कोंडल्याचे लक्षण आहे. एक गिअर खाली घ्या. ऑईल बाथ एअर क्लीनर असेल, तर पाचटाच्या या हंगामात तो दर दोन-चार दिवसांनी उघडून गाळ बघा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑईल खाते आहे. पाण्याचा काटा चढला तर कडेला घेऊन इंजिन मंद चालू ठेवावे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये, उकळते पाणी थेट तोंडावर येते.

इंजिनाबद्दल एवढेच, कारण इंजिनाची काळजी आपण घेतोच. ऊसपट्ट्यात एचएमटी ५९११ चे नाव अजून कौतुकाने काढतात. पिंजोरचा तो ट्रॅक्टर कारखाना बंद करण्याचा निर्णय सरकारने २०१६ साली घेतला, तरी ती जुनी धुडे दुरुस्त करून लोक चालवतात. जुन्या वस्तूवरची ही माया मला आवडते. पण इंजिन बांधले म्हणजे ट्रॅक्टर नवा झाला, असे नव्हे. ब्रेकचे लायनर, स्टेअरिंगची ढिलाई, पुढच्या टायरचे रबर हेही त्याच वयाचे असते.

आता रात्रीची गोष्ट, आणि ही मोटारसायकलवर येणाऱ्या प्रत्येक पोराच्या बापाने वाचावी. ट्रॉलीचा ॲक्सल तुटतो, टायर फुटतो, ड्रायव्हर ती रस्त्यातच उभी करून जॅक आणायला जातो. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर उसाच्या वाड्याखाली झाकलेला. मागून येणाऱ्याला समोरच्या गाडीच्या उजेडात काही दिसत नाही. धडक बसते ती थेट उसाच्या बुडख्यांवर. म्हणून मागे तांबडे, पुढे पांढरे रिफ्लेक्टर लावा आणि रोज निघताना फडक्याने पुसा. लोंबणारे वाडे छाटा. ट्रॉली बंद पडली तर शक्य तेवढी कडेला घ्या, मागे लांबवर खूण ठेवा आणि तिथे माणूस उभा करा. चाकाला लावलेले दगड निघताना उचलायला विसरू नका. ट्रॉली निघून जाते, दगड रस्त्यातच राहतो आणि दुसऱ्या कुणाचे तरी घर बुडवतो. आणि तो टेप! मोठमोठे कर्णे लावून गाणी वाजवणाऱ्या ड्रायव्हरला मागच्याचा हॉर्न ऐकू येत नाही, आपलीच पिन तुटल्याचा आवाजही येत नाही.

मडगार्डवर कुणी बसू नये. उसावर तोडणीवाल्यांच्या बाया-पोरांना बसवू नये. ट्रॅक्टरवर जागा एकच, चालवणाऱ्याची. हे मी सांगतो तेव्हा माझ्या भावाचा गुडघा सांगतो असे समजा.

तर बंधूराज, तुमच्या प्रश्नाचे उत्तर. तुमच्या रस्त्यावर ओढा, पूल, चढउतार असतील, तर या ट्रॅक्टरला दुसरी बिनब्रेकाची ट्रॉली जोडू नका. त्या पैशांतून आधी ट्रॅक्टरचे ब्रेक नीट करून घ्या, मग आहे त्याच ट्रॉलीला ब्रेक बसवता येतो का ते चांगल्या कारागिराला विचारा. ट्रॉली पुढे रेटू लागली की हुकाच्या दांड्यातून आपोआप लागणारे ब्रेक असतात, ते जुन्या ट्रॅक्टरलाही चालतात. हप्त्याची अडचण खरी आहे, ती मी हसण्यावारी नेत नाही. त्यासाठी कारखान्याजवळचे फड मागून घ्या, म्हणजे अंतर कमी होऊन खेपा वाढतील. पुढेमागे दुसरी ट्रॉली घ्याल तेव्हा ब्रेकची घ्या, आणि तिची नोंदणी व विम्याचे कागद तपासल्याशिवाय पैसे मोजू नका. बिनकागदाची ट्रॉली स्वस्त मिळते, पण अपघाताच्या दिवशी तिच्यापायी शेत विकावे लागते.

आणि आज रात्री जेवताना मालकीणबाईंना विचारा, नको का म्हणतेस? आमच्या घरी त्या अपघातानंतर वहिनींनी एक रीत घातली. भाकरीचे फडके हातात देताना त्या तीन प्रश्न विचारायच्या : पिन बघितली? खिट्टी लावली? मागचा तांबडा पुसला? तिन्हींना ‘हो’ म्हटल्याशिवाय फडके सोडत नसत. माझ्या भगिनींनो, तुम्हीही विचारत जा. ड्रायव्हर कुरकुरेल, पण बघून येईल.

येतो मंडळी. पुढच्या आठवड्यात भेटूच.