उरलेल्या पानांची घरची वही

मैत्रिणींनो, परीक्षा संपल्या की मुलांच्या वह्यांचा गठ्ठा रद्दीवाल्याची वाट बघत पडतो. तो देण्याआधी एकदा चाळा. अर्ध्याहून कमी भरलेल्या वह्यांत मधली जोडपानं पूर्ण कोरी निघतात. त्यांची वही घरीच शिवता येते. ती कशासाठी, ते शेवटी सांगते.

मधल्या पिना सुरीच्या टोकाने उचकटा आणि मधोमध घडी असलेली कोरी जोडपानं सोडवून घ्या. एका मापाची १२ जोडपानं एकात एक घातली की ४८ पृष्ठं झाली. घडीवर दाभणाने तीन भोकं पाडा : एक मधोमध, दोन वरच्या-खालच्या कडेपासून ४ सेंटीमीटर आत. गोधडीचा दोरा मेणावरून ओढून घ्या, म्हणजे गुंतत नाही. सुई मधल्या भोकातून बाहेर काढा, पण दोऱ्याचं टोक आत राहू द्या. मग वरच्या भोकातून आत, खालच्यातून बाहेर आणि पुन्हा मधल्यातून आत या. आतल्या लांब टाक्याच्या दोन्ही अंगांना एकेक टोक घेऊन घट्ट गाठ मारा.

कव्हराला साडीच्या खोक्याचा पुठ्ठा चालतो. तो उभा-आडवा हलकेच वाकवून बघा. ज्या बाजूने सहज वळतो, ते वळण शिवणीला समांतर ठेवून दोन तुकडे कापा, नाहीतर वही नीट उघडत नाही. वर जुन्या सुती साडीचा न विरलेला भाग लावा. दोन पुठ्ठ्यांमध्ये १ सेंटीमीटर जागा सोडा, कापड चारी बाजूंनी २ सेंटीमीटर आत दुमडा.

खळीसाठी ३ मोठे चमचे मैदा कपभर थंड पाण्यात गुठळी न ठेवता कालवा आणि मंद आचेवर चकाकी येईपर्यंत ढवळा. बाइंडर कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. ते विषारी असतं, घरात नकोच. खळ पातळ लावा, पहिलं आणि शेवटचं पान पुठ्ठ्याला चिकटवा, मध्ये मेणकागद घाला. रात्रभर पाट्याखाली दाबून ठेवा. उन्हात वाळवू नका.

आता या वहीचं काम. बँकेची खाती, विम्याच्या पॉलिसी, घराचे कागद, गॅसचा ग्राहक क्रमांक, काय कुठे ठेवलंय आणि वारस म्हणून कुणाचं नाव लावलंय, हे सगळं तिच्यात लिहा. पुष्कळ घरांत हे फक्त ‘ह्यांना’ ठाऊक असतं. ते अचानक आजारी पडले, की कपाट उघडून आपण नुसत्या उभ्या राहतो. एटीएमचा पिन आणि पासवर्ड मात्र वहीत लिहू नका, बरं का! वही कुलपात ठेवा.

असला विषय काढायचा तर ‘अभद्र काय बोलतेस’ म्हणतील, अशी धास्ती वाटते. तेव्हा रविवारी चहाबरोबर नवी वहीच पुढे करा आणि म्हणा, “तुम्ही सांगा, मी लिहिते.”