शोधणाऱ्यास सापडेल असे लिहावे

गेल्या वर्षी श्रावणात पुण्याहून आमच्या भाचीचा फोन आला. मुलगी आठवीत शिकते. 'माझे आजोळ' या विषयावर तिला शाळेसाठी चार पाने लिहावयाची होती. तिने विचारले, "मामा, मी मोबाईलवर 'पांढुर्णा' असे शोधले, तर सगळीकडे गोटमारच आली. तुमच्याकडे पोळ्याला नुसते दगडच मारतात का हो?"

आम्ही क्षणभर निरुत्तर झालो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते, त्यावर झेंडा लागतो, आणि पांढुर्णा व सावरगाव या दोन काठांवरून दगड सुटतात, ही गोष्ट खरीच आहे. त्यात माणसे जखमी होतात, प्रसंगी दगावलीही आहेत. वर्तमानपत्रांनी ते छापू नये असे कोण म्हणेल? परंतु वर्षाच्या एका दिवसाने उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांना झाकून टाकावे, हे आम्हांस लागले. आणि अधिक लागण्याचे कारण असे की, त्या तीनशे चौसष्ट दिवसांविषयी आम्ही स्वतः एक पुस्तिका लिहिली होती.

तीन वर्षांपूर्वी लिहिलेल्या त्या पुस्तिकेत पांढुर्णा व सौसर भागातील वृद्धांच्या तोंडून उतरवून घेतलेल्या पोळ्याच्या झडत्या होत्या. संत्र्याच्या बागांची हकीकत होती. आपल्या बोलीतील शब्द होते. आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले व आपण मध्य प्रदेशात राहिलो, त्यानंतर दप्तर हिंदी आणि घर मराठी असा जो दुहेरी संसार आपण मांडला, त्याचीही कथा होती. छापलेल्या प्रती नातलगांत वाटल्या आणि पुस्तिका सर्वांस मिळावी म्हणून आंतरजालावरही ठेविली. आमची समजूत अशी की, ठेविली म्हणजे मिळाली. भाचीचा फोन ठेवताच आम्ही स्वतः शोधून पाहिले. आमच्याच पुस्तिकेचा पत्ता आम्हांस लागेना!

आमच्या शाळेतील संगणक-शिक्षकांपुढे हे गाऱ्हाणे मांडले. ते म्हणाले, "सर, पुस्तिका जालावर आहे, पण शोधयंत्राच्या लेखी ती कोरी आहे." पुढे सात-आठ महिने आम्ही या विषयाचे विद्यार्थी झालो. आम्ही तज्ज्ञ नव्हे. पण आमच्यासारखेच ज्यांनी काही लिहून ठेविले आहे, त्यांच्या उपयोगी पडेल एवढे आम्हांस निश्चित उमजले आहे.

शोधयंत्र म्हणजे अखेर एक सूची होय. शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली. तीत नोंद असलेला ग्रंथ अभ्यासकास सापडतो. गूगलादी शोधयंत्रे हेच काम अवाढव्य प्रमाणावर करतात. त्यांचे यांत्रिक दूत एका पानावरील दुव्यावरून दुसऱ्या पानावर जातात, प्रत्येक पानावरील शब्द टिपतात आणि कोणता शब्द कोणत्या पानावर आहे याची सूची राखतात. कोणी शब्द विचारला की यंत्र त्या सूचीत पाहते आणि पाने क्रमाने मांडते. म्हणून पहिला प्रश्न हा की, आपले शब्द त्या दूतास वाचता येतात काय?

येथेच आमचे घोडे पेंड खात होते. आमची पुस्तिका छापखान्यात कृतिदेव या टंकात जुळविली होती. आपल्या प्रांतातील कचेऱ्यांना हा टंक चांगला परिचित आहे. कागदावर तो शुद्ध देवनागरी उमटवितो. पण संगणकाच्या पोटात देवनागरी नसतेच. त्या टंकात 'राम' लिहिले तर यंत्राजवळ जे, के, ई ही तीन इंग्रजी अक्षरे साठविली जातात. डोळ्यांस मात्र राम दिसतो. म्हणजे बहात्तर पानांत आम्ही 'पांढुर्णा' हा शब्द शेकडो वेळा लिहिला आणि यंत्राच्या दृष्टीने एकदाही लिहिला नाही!

मराठीचा विद्यार्थी म्हणून आम्हांस तत्काळ महानुभावांचे स्मरण झाले. आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील ऋद्धपुरास म्हाइंभटांनी तेराव्या शतकात लीळाचरित्र सिद्ध केले. मराठी गद्याचे ते आद्य वैभव. पुढे पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत जपले. परिणाम असा की, पोथ्या होत्या, शब्द होते, पण बाहेरच्या मराठी माणसास ते अक्षर लागत नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला, तेव्हा कोठे तो खजिना सर्वांपुढे आला. महानुभावांनी लिपी लपविली ती जाणूनबुजून. आम्ही मात्र नकळत तेच करून बसलो होतो.

यावर उपाय एकच : युनिकोड. या जागतिक पद्धतीत प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षरास स्वतःचा क्रमांक असतो, आणि १९९१ सालच्या तिच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीस तीत स्थान आहे. मोबाईलवर आपण मराठी लिहितो ते याच पद्धतीने. जुन्या टंकातील मजकूर युनिकोडमध्ये पालटून देणारी साधने विनामूल्य मिळतात. मात्र जोडाक्षरे व रफार यांची मोडतोड होते, म्हणून ओळन् ओळ तपासावी लागते. आमचे दोन महिने त्यातच गेले. केवळ छायाचित्र काढून चढविलेल्या पानांचीही अशीच गत होते. त्यांतील अक्षरे यंत्र कधी ओळखते, कधी ओळखत नाही.

दुसरा धडा आमच्या अभिमानास झोंबणारा होता. संत्र्यावरील प्रकरणास आम्ही 'सुवर्णफलाची कर्मकहाणी' असे नाव दिले होते आणि त्यावर आम्ही खूषही होतो. संगणक-शिक्षकांनी नम्रपणे विचारले, "सर, बागेत फळ गळू लागले तर शेतकरी मोबाईलवर काय लिहील?" तो 'संत्र्याची फळगळ' असे लिहील; 'आंबिया बहाराला ताण केव्हा द्यावा' असे विचारील. सुवर्णफल तो कशाला म्हणेल? आणि आमच्या संपूर्ण प्रकरणाच्या मथळ्यात 'संत्रा' हा शब्द नव्हता! पानाचा मथळा हा यंत्रास विषय कळण्याचा मोठा आधार असतो, आणि शोधणाराही प्रथम तोच वाचतो. तेव्हा आम्ही मन घट्ट करून मथळे बदलले : 'पांढुर्णा परिसरातील संत्र्याचे आंबिया व मृग बहार', 'पोळ्याच्या झडत्या : पांढुर्णा आणि सौसर'. अलंकार गेले, अर्थ राहिला.

त्याचबरोबर बहात्तर पानांची एक मोट सोडून अकरा विषयांची अकरा स्वतंत्र पाने केली, कारण झडत्या शोधणाऱ्यास संपूर्ण पुस्तिका नको असते. प्रत्येक पानावरून संबंधित दुसऱ्या पानाकडे वाट ठेविली. छायाचित्राखाली ते कोठले व कशाचे हे शब्दांत लिहिले. नावांचाही घोळ होता. आपण पांढुर्णा लिहितो, हिंदीत पांढुर्ना लिहितात. हिंदीतले सौंसर आपले सौसर होते. शिवाय महाराष्ट्रातही पांढुर्णे नावाची गावे आहेत. म्हणून आरंभीच 'मध्य प्रदेशातील पांढुर्णा, हिंदीत पांढुर्ना. ५ ऑक्टोबर २०२३ पासून जिल्ह्याचे ठिकाण' असे एक सरळ वाक्य घातले. परक्यास पत्ता सांगताना आपण गाव, तालुका, जिल्हा सांगतोच की!

तिसरी गोष्ट साक्षीची. लॅरी पेज व सर्गेई ब्रिन या दोघा विद्यार्थ्यांनी १९९८ साली गूगलची स्थापना केली, तेव्हा त्यांची मूळ कल्पना अशी होती की, ज्या पानाकडे इतर पाने बोट दाखवितात ते महत्त्वाचे मानावे. आणि बोट दाखविणारा स्वतः जितका मान्यवर, तितके त्याच्या साक्षीचे वजन अधिक. आज यंत्र इतरही पुष्कळ गोष्टी पाहते; पण हे तत्त्व अजून जिवंत आहे. बाजाराच्या दिवशी परगावच्या माणसाने वैद्याचे घर विचारावे आणि चार भल्या माणसांनी एकाच गल्लीकडे बोट करावे, तसेच हे. ही साक्ष मागून किंवा विकत घेऊन टिकत नाही. मोर्शी व वरूड भागातील शिक्षकमित्रांना आम्ही झडत्यांचे पान दाखविले. त्यांनी आपापल्या लेखनात त्याचा उल्लेख केला, तो पान उपयोगी वाटले म्हणून.

याच सुमारास एका गृहस्थाचा फोन आला. 'अमुक हजार रुपये द्या, पंधरा दिवसांत पहिल्या क्रमांकावर आणून दाखवितो.' आम्ही नमस्कार करून फोन ठेविला. गूगलचे स्वतःचेच सांगणे आहे की, पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही. पैसे घेऊन दाखविल्या जातात त्या जाहिराती, आणि त्यांवर तशी खूण असते. एकच शब्द शंभरदा कोंबणे, पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत शब्द लपविणे, दुवे विकत घेणे या युक्त्या यंत्रास ठाऊक आहेत. २०११ व २०१२ साली गूगलने आपल्या पद्धतीत मोठे बदल केले आणि असली कित्येक पाने खाली गेली. परीक्षेतील नक्कल परीक्षकास कळत नाही, असे नकलाकारासच वाटत असते.

आता फळाविषयी. गूगलच्या सर्च कन्सोल नावाच्या विनामूल्य सोयीत आपल्या पानाची नोंद झाली की नाही, आणि लोक कोणते शब्द विचारून तेथे आले, हे पाहता येते. पहिले तीन महिने तेथे जवळजवळ शून्य होते. नंतर कोणी 'मृग बहार' विचारून आले, कोणी 'फळगळ'. पोळा जवळ आला तसे 'झडत्या' विचारणारे येऊ लागले. ज्या आजोबांनी आपल्या ओसरीवर बसून आम्हांस सर्वाधिक झडत्या सांगितल्या, ते आता हयात नाहीत. त्यांनी सांगितलेले शब्द कोणी अनोळखी मराठी माणूस शोधीत आला आणि त्यास ते सापडले, हे पाहून जे समाधान झाले ते पुस्तिका छापून आली त्या दिवशीही झाले नव्हते.

नुसते 'पांढुर्णा' असे विचारले तर आजही प्रथम गोटमारच येते. त्यात नवल नाही, आणि यंत्राचा दोषही नाही. हजारोंनी दगडांविषयी लिहिले आहे. उरलेल्या गावाविषयी लिहिणारे आपण किती? जे लिहिलेले नाही, ते कोणतेही यंत्र शोधू शकत नाही. आपल्या घरोघरी जुन्या चोपड्या आहेत, विवाहातील गाणी आहेत, बागेच्या नोंदी आहेत. दप्तर हिंदी असलेल्या प्रांतात त्यांची मराठी आपणच जतन करावयाची आहे. वाचकहो, आपल्या घरातील एक पान तरी या वर्षी लिहा, युनिकोडमध्ये लिहा, मथळ्यात गावाचे नाव व विषय साध्या शब्दांत घाला, सांगणाऱ्याचा गाव व साल नोंदवा. आणि मग धीर धरा. संत्र्याचे रोपही लावल्या वर्षी फळ देत नाही.

असो. यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी भाचीचा पुन्हा फोन आला. तिच्या सोसायटीत मुलांचा तान्हा पोळा व्हावयाचा होता. "मामा, मला झडत्या सापडल्या. पण दुसरीतला एक शब्द कळत नाही." आम्ही तो समजावून सांगितला आणि फोन ठेवल्यावर त्या पानावर त्याचा अर्थही लिहून टाकला. तोच शब्द उद्या आणखी कोणास अडेल.