हे पोट इथे का भरत नाही?



धानाची चुरणी आटोपली की सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावकडच्या गावांतून मिरची तोडायला तेलंगणाच्या गाड्या निघतात. खम्मम, वारंगळच्या शेतांत आपल्या बाया किलोवर मजुरी घेत राहतात आणि मोहफुलाच्या, तेंदूपत्त्याच्या सुमारास परततात. लहान लेकरू सोबत, त्याला सांभाळायला मोठी मुलगी. म्हणजे तिची शाळा सुटलीच. "कशाला जाता?" असे बैठकीत विचारले की उत्तर एकच, "पोटासाठी." पुष्कळांची चौकशी तिथेच थांबते. मला पुढचे विचारावेसे वाटते: हे पोट इथे का भरत नाही?

गोंदिया हा तलावांचा मुलूख. नवेगावबांधसारखे तलाव कोहळ्यांनी बांधले, त्यावर धान पिकला. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, ते योग्यच झाले. पण तलाव सरकारजमा झाले आणि वर्षानुवर्षे त्यांतला गाळ साचत राहिला. माजी मालगुजारी म्हणून त्यांना 'मामा तलाव' म्हणतात; भाचीला मात्र मामाकडून पाणी मिळेना! पाणी नाही तिथे दुसरे पीक नाही, मग उन्हाळाभर कामही नाही. जे काम होते त्यातही कापणीला हार्वेस्टर आले. मजुरी गेली ती बाईची, आणि त्या यंत्रावर बसायला तिला कोणी शिकवले नाही.

त्यात जमीन तिच्या नावावर नाही. रोवणीला दिवसभर वाकते ती, सातबाऱ्यावर नाव नवऱ्याचे किंवा दिराचे. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत बरोबरीचा हक्क महाराष्ट्राने 1994 मध्ये दिला, देशाने 2005 मध्ये. पण तो हिंदू वारसा कायद्यातला. गोंड बाईला तो लागूच नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याने जंगलाच्या पट्ट्यावर नवरा-बायको दोघांची नावे घालायला सांगितले, हे त्यातल्या त्यात बरे. पट्ट्यावर आपले नाव आहे का, हे मात्र प्रत्येकीने स्वतः पाहावे.

आणि ही बाई कुठे मोजली जाते? जनगणना स्थलांतराचे मुख्य कारण एकच विचारते. बहुतेक स्त्रियांपुढे 'लग्न' लिहिले जाते. लग्न होऊन आलेली बाई पुढे दर साल मिरचीला जाते, तरी तिच्या नावापुढे लग्नच! दोन-तीन महिन्यांची ही जा-ये तर तिथे धड उमटतच नाही.

गंमत पाहा. ज्या तेलुगू मुलखात आपण मजुरीला जातो, तिथल्याच गोदावरी, कडपा जिल्ह्यांतल्या बाया घरकामासाठी कुवेत, ओमानला जातात. त्यांनाही विचारले तर कोरडे शेत, कर्ज आणि मुलीचे लग्न हेच ऐकू येते. आपण तोडलेली मिरची चीन, थायलंडपर्यंत विनातक्रार पोचते. तोडणारीला मात्र राज्याची हद्द ओलांडली की ना भाषा, ना दवाखाना, ना ओळखीचा पोलीसपाटील. एप्रिल 2020 मध्ये, टाळेबंदीत, तेलंगणातल्या मिरचीच्या शेतांतून चालत निघालेली छत्तीसगडची बारा वर्षांची मुलगी घराजवळ येऊन वाटेतच गेली. आपल्या गावातल्या मुलीही तेच काम करतात.

1979 च्या कायद्याने परराज्यात नेलेल्या मजुराला पासबुक आणि प्रवासखर्च द्यायला ठेकेदाराला सांगितले होते. आता तो कायदा नव्या श्रमसंहितेत विलीन झाला आहे. आमच्याकडे माणसे नेणारा मुकादम बहुधा गावचाच, कधी नात्यातला. त्याच्याकडे वही मागायची लाज आपल्यालाच वाटते.

यंदा गाड्या निघायच्या आधी ग्रामसभा बोलवा. कोण जाते, कुठल्या गावी, कोणाच्या शेतावर, काय दराने, सोबत मुले किती, हे एका वहीत लिहा आणि त्यावर मुकादमाची सही घ्या. त्याच सभेत गावच्या तलावाचा गाळ काढण्याचे काम उन्हाळ्यापूर्वी मागा, लेखी मागा, आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय उठू नका.