रात्री कॉम्प्युटर बंद करा, आणि मधूनमधून रीस्टार्टही

घरच्या कॉम्प्युटरबाबत दोन पक्ष आढळतात. एक पक्ष चहाला उठायचं असलं तरी शट डाउन करतो आणि वर भिंतीवरच्या बोर्डाचं बटणही बंद करतो. दुसऱ्या पक्षाचा कॉम्प्युटर गणपतीत सुरू झालेला दिवाळीपर्यंत बंद होत नाही, कारण ‘सारखा चालू-बंद केला की बिघडतो’ असं त्यांना कुणीतरी सांगून ठेवलेलं असतं. दोघांनाही माझं सांगणं आहे: दिवसा कामाच्या मधल्या वेळेत तो स्लीपवर ठेवा, रात्री बंद करा आणि आठवड्यातून एकदा आठवणीने रीस्टार्ट करा. कारणंही सांगतो, म्हणजे आपापल्या घराप्रमाणे यात फेरफार करता येईल.

आधी बिघडण्याची भीती. ती खोटी नव्हे, पण फार जुनी आहे. १९४६ साली अमेरिकेत जगापुढे आलेल्या एनिॲक या अजस्र संगणकात सुमारे १८ हजार व्हॉल्व्ह होते, जुन्या रेडिओत असायचे तसले. हे व्हॉल्व्ह जायचे ते मुख्यतः तापताना आणि निवताना. म्हणून एनिॲक शक्यतो बंदच करत नसत. पुढे हार्ड डिस्क आल्या, तेव्हाही त्या भीतीत थोडं तथ्य उरलं होतं. पण डेस्कटॉपच्या हार्ड डिस्कच्या माहितीपत्रकात ५० हजार वेळा चालू-बंद सोसण्याचा आकडा सर्रास असे. रोज पाच वेळा बंद केलात तरी तेवढं व्हायला २७ वर्षं लागतील. त्याच्या आत तुम्ही दोन-तीन कॉम्प्युटर भंगारात दिलेले असतील. आताच्या एसएसडीत तर फिरणारं काही नसतंच.

कॉम्प्युटरला खरा धोका आहे तो अचानक जाणाऱ्या आणि तितक्याच अचानक येणाऱ्या विजेचा. शट डाउन केल्यावर तो हातातलं सगळं डिस्कवर लिहून ठेवतो, फायली मिटतो आणि मग थांबतो. मध्येच वीज गेली की लिहिणं अर्धवट राहतं. कधी एखादी फाइल जाते, कधी विंडोजच सुरू व्हायला तयार होत नाही. वीज परत येताना दाब वरखाली होतो, त्याचा फटका पॉवर सप्लायला बसतो. आपल्याकडे, विशेषतः तालुक्याच्या गावी, हे किती वेळा होतं हे वेगळं सांगायला नको. रात्री सगळे झोपलेले असताना चालू कॉम्प्युटरजवळ कुणीच नसतं. यूपीएस आहे म्हणावं, तर घरगुती यूपीएस फार तर दहा-पंधरा मिनिटं तग धरतो. तो काम सेव्ह करून नीट बंद करण्यापुरता असतो, रात्रभर पहारा द्यायला नव्हे.

वळवाच्या दिवसांत आणि परतीच्या पावसात गडगडाट सुरू झाला, की बंद कॉम्प्युटरचाही प्लग काढून ठेवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. आणि इंटरनेटची तार विसरू नका. केबलवाल्याची तांब्याची तार गच्चीवरून येत असेल, तर वीज त्या वाटेनेही राउटरपर्यंत आणि तिथून पुढे मदरबोर्डापर्यंत येते.

आता बिल. साधा डेस्कटॉप काही काम न करता नुसता चालू असला, तरी स्क्रीन सोडून अंदाजे ५० वॅट खातो, यंत्राप्रमाणे कमी-जास्त. रात्रीचे दहा तास धरले तर अर्धं युनिट, महिन्याला १५ युनिट. स्लीपमध्ये तोच दोन-तीन वॅटवर येतो, म्हणजे रात्रींच्या हिशोबाने महिन्याला एक युनिटसुद्धा नाही. १५ युनिट फार वाटत नाहीत, पण महावितरणच्या घरगुती दरात १०० आणि ३०० युनिटांवर टप्पा बदलतो, आणि ही जादाची युनिटं तुमच्या बिलाच्या सर्वांत वरच्या, म्हणजे महागड्या टोकाला चिकटतात. लॅपटॉपचा खर्च याच्या मानाने किरकोळ असतो. स्क्रीनसेव्हरने मात्र एक पैसा वाचत नाही. तो जुन्या काचेच्या जाड मॉनिटरवर चित्राचा कायमचा डाग पडू नये म्हणून निघाला होता. आता तो काढून टाका आणि पाच-दहा मिनिटांनी स्क्रीन आपोआप बंद होईल असं करून ठेवा.

स्लीपमध्ये तुमचं उघडं काम रॅममध्ये राहतं आणि रॅमला जिवंत ठेवायला थोडी वीज लागते. म्हणून जेवायला, बाजारात, दुपारच्या झोपेला जाताना स्लीप उत्तम. मात्र त्याआधी कंट्रोल-एस दाबायची सवय ठेवा. हायबरनेटमध्ये रॅममधलं सगळं डिस्कवर उतरवलं जातं आणि यंत्र पूर्ण थांबतं. उघड्या पंधरा खिडक्या उद्या जशाच्या तशा हव्या असतील, तर रात्रीसाठी हाच उपाय. बऱ्याच कॉम्प्युटरवर विंडोजने तो मेनूतून लपवलेला असतो. कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन पॉवर बटणांच्या सेटिंगमध्ये त्याच्यापुढे खूण केली की दिसू लागतो. लॅपटॉप बॅगेत घालायचा असेल तर हायबरनेट किंवा शट डाउनच करा. नवे लॅपटॉप झाकण मिटल्यावरही अर्धवट जागे राहतात, अपडेट शोधतात, मेल आणतात. प्रवासात बॅग उघडावी तर लॅपटॉप गरम आणि बॅटरी निम्मी, हा अनुभव अनेकांना आला असेल.

आणि आता शट डाउनवाल्या शिस्तप्रिय मंडळींसाठी. २०१२ साली विंडोज ८ आलं तेव्हापासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय बहुतेक कॉम्प्युटरवर मुळातच चालू असते. तिच्यामुळे शट डाउन केल्यावर तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आहे त्या अवस्थेत डिस्कवर ठेवला जातो आणि सकाळी तोच पुन्हा उचलला जातो. कॉम्प्युटर झटकन सुरू होतो तो यामुळेच. पण गाभ्यात काही गुंता झाला असेल, प्रिंटर ओळखत नसेल, वायफाय रुसलं असेल, तर तो गुंताही सकाळी जसाच्या तसा परत येतो. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं पुसून पहिल्यापासून सुरुवात होते. खात्री करायची तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर गेलात की ‘अप टाइम’ दिसेल. रोज रात्री बंद करणाऱ्यांनाही तिथे वीस-पंचवीस दिवसांचा आकडा दिसू शकतो! दुरुस्तीवाला आल्या आल्या ‘रीस्टार्ट करून पाहिलंत का?’ असं विचारतो, ते टाळाटाळ म्हणून नव्हे.

रीस्टार्टचं दुसरं कारण अपडेट. त्यांतली बरीचशी उतरवून घेतली तरी रीस्टार्टशिवाय पुरती लागू होत नाहीत. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने जगभरातले कॉम्प्युटर कुलूपबंद केले. तो ज्या फटीतून शिरला ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच देऊन ठेवलं होतं. तेव्हा ‘नंतर आठवण करा’ हे बटण किती वेळा दाबायचं, ते ठरवा. रविवारी सकाळी चहा ठेवताना रीस्टार्ट लावून द्या. अपडेट चालू असताना मात्र टक्के सरकत नाहीत म्हणून बोर्डावरचं बटण बंद करू नका. कितीही वेळ लागो.

रात्रभर चालू ठेवण्याची गरज कुणाला? सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर होत असेल, मोठा बॅकअप चढत असेल, किंवा ऑफिसातून घरच्या यंत्रात शिरून काम करायचं असेल, तर त्यांना. त्यांनी यूपीएसची बॅटरी धडधाकट ठेवावी, मागे हवा खेळू द्यावी आणि मॉनिटर बंद करावा. बाकीच्यांनी नुसत्या आळसापोटी चालू ठेवू नये.

बोर्डावरच्या बटणाचं काय? वीज वारंवार जाणाऱ्या घरात ते रात्री बंद करणंच बरं, पण कॉम्प्युटरचा दिवा आणि पंखा थांबल्यावर. त्याची एक छोटी किंमत आहे. डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर सीआर २०३२ नावाचा नाण्याएवढा सेल असतो. भिंतीवरची वीज चालू असेतो आतलं घड्याळ तिच्यावर चालतं, नाहीतर या सेलवर. रोज बटण बंद केलं की तो थोडा लवकर संपतो. मग घड्याळ काही वर्षं मागे जातं आणि बँकेची वेबसाइट उघडायला गेलात की ब्राउझर ‘जोडणी सुरक्षित नाही’ म्हणून अडवतो. असं झालं तर आधी कोपऱ्यातली तारीख बघा. ती चुकलेली असेल तर हा स्वस्तातला सेल बदलून घ्या; व्हायरस शिरला म्हणून कुणी कॉम्प्युटर फॉरमॅट करायला सांगितलं, तर लगेच हो म्हणू नका.