जुनी गाडी आणि बोअरचे पाणी



मागल्या आठवड्यात पिंपळगाव राजाच्या बाजारात एका शेतकरी भावाने मला अडवले. म्हणाला, "साहेब, सोयाबीन इकून गाडी घेतली, तं आता गाडीच मले इकून खाऊन राह्यली." कपाशीचा लाल्या, तुरीची मर असले प्रश्न घेऊन लोक येतात, गाडीचा प्रश्न प्रथमच आला. पण विचारणारा वैतागलेला होता आणि त्याचे दुखणे मला नवीन नव्हते.

त्याची गाडी म्हणजे आपल्या खेड्यापाड्यांत दिसते ती मारुती ८००. ही गाडी डिसेंबर १९८३ मध्ये गुडगावच्या कारखान्यातून प्रथम बाहेर पडली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. इंजिन ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे. साधी आणि काटक गाडी. पण हिशेब करा, सगळ्यात तरुण गाडीलाही आता दहा वर्षे केव्हाच उलटून गेली. दोन-तीन हातांतून फिरून आपल्या दारी येते ती बहुधा विशीच्या पुढचीच. बैल घेताना आपण दात पाहतो, खांदा पाहतो, चार पावले चालवून पाहतो. गाडी घेताना मात्र रंग पाहतो आणि टेप वाजतो का ते पाहतो.

या भावाची गाडी चालता चालता बंद पडायची. गॅरेजवाल्याने आधी प्लग बदलले, मग कॉइल बदलली, मग कार्बोरेटर खोलून धुतला. तीन खेपा झाल्या, पैसे गेले, गाडी तशीच. शेवटी खामगावच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने बोनेट उघडून बॅटरीची अर्थिंगची वायर हलवून पाहिली. बोल्टाखाली गंज धरला होता. पॉलिश पेपरने घासला, बोल्ट कसला, झाले काम. फवारणीतही आपण हेच करतो. कीड कोणती ते पाहायचे नाही आणि दुकानदाराने दिलेली तीन औषधे एकाच पंपात ओतायची. रोग ओळखल्याशिवाय औषध नाही, हे मी तीस वर्षे सांगत आलो आहे. गॅरेजवाल्यालाही तेवढे विचारा की बाबा, हा पार्ट बदलण्याआधी तो खराब झालाय हे तू कशावरून ठरवलेस? आणि काढलेला जुना पार्ट घरी घेऊन या.

आता माझे ऐका, कारण दुसऱ्याला सांगणे सोपे असते. माझ्याकडेही एक जुनी गाडी आहे. कंपनीचे नाव घेत नाही, दोष तिचा नव्हताच. रेडिएटरमधले पाणी कमी झाले की मी गोठ्यातल्या नळाचे बोअरचे पाणी ओतायचो. गेल्या चैत्रात रात्री शेजारच्या लेकीला कळा सुरू झाल्या. तिची आई म्हणाली, "भाऊ, गाडी काढा." मी काढली. खामगावच्या रस्त्याला अर्ध्या वाटेवर काटा लालवर गेला आणि बोनेटमधून वाफ निघू लागली. मागच्या सीटवर ती पोरगी, तिची आई, आणि मी अंधारात बॅटरी घेऊन उभा. १०८ ला फोन केला, गाडी आली, दोघी सुखरूप पोहोचल्या. मुलगी झाली. पण ती पंचवीस-तीस मिनिटे मी विसरलेलो नाही. ही रुग्णवाहिका २०१४ पासून आपल्या राज्यात आहे. तो फोन मी घरूनच करायला हवा होता.

कारण साधे होते. ज्या क्षारांनी आपल्या ठिबकच्या तोट्या बुजतात, तेच क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात. ठिबकला आपण आम्लप्रक्रिया करतो, रेडिएटरचे कोण पाहतो? पाणी फिरत नाही, इंजिन तापते, हेड गॅस्केट जाते आणि हेड वाकले तर मग खर्च विचारू नका. म्हणून बोअरचे पाणी नको. कूलंट आणि बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड पाणी, एवढेच घाला. काही मिस्त्री गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅटच काढून फेकतात. त्याने इंजिन नीट गरम होत नाही आणि पेट्रोल जास्त जाते.

दुसरी गोष्ट टायमिंग बेल्टची. हा रबराचा दातेरी पट्टा तुटला की इंजिन जागीच बंद. गाडी फार फिरली नाही म्हणून तो नवा राहत नाही, उभ्या उभ्याही रबर चिरते. जुनी गाडी घेतली की बेल्ट आधी बदलून घ्या, विकणारा काहीही सांगो. कडब्याच्या गंजीजवळ गाडी ठेवू नका, उंदीर वायरी कुरतडतात. आणि नवे पेट्रोल वीस टक्के इथेनॉलचे आहे. ते आपल्याच उसाचे, मक्याचे, म्हणून मला त्याचे कौतुक आहे. तरी जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि गॅस्केट तपासून घ्या.

कागदाचा खर्चही धरा. खाजगी गाडीला पंधरा वर्षे झाली की आरटीओत तपासणी करून पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवावी लागते. ती फी एप्रिल २०२२ पासून ६०० ऐवजी ५००० रुपये झाली, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाडीला १०,००० रुपये झाली. पर्यावरण कर वेगळा. स्वस्त मिळाली म्हणून घेतलेली गाडी कागदावरच महाग पडते.

बाजारातल्या भावाने शेवटी विचारले, "तं ठेवू का इकू?" मी म्हटले, एक वही घाल. पेट्रोल, पार्ट, मजुरी, सगळे तारखेनिशी लिही. होळीपर्यंतचा आकडा घेऊन ये, मग दोघे बसून ठरवू. वही त्याने बाजारातूनच घेतली. पहिली नोंद वहीच्याच किमतीची केली.

पुढील अंकी हरभऱ्यावरील घाटे अळीविषयी लिहीन.